एकाच साच्यातली तीन जहाजे, आणि त्यांतले एकच का कलंडले?

आपण 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' या फेरी जहाजाची प्रतिकृती तयार करत आहात आणि तिच्यासोबत ठेवायच्या छोट्या पाटीवर जहाजाचा सेवा-इतिहास चार ओळींत लिहायचा आहे. आपली अडचण अशी, की या जहाजाची दोन सख्खी भावंडे त्याच आराखड्यावर, त्याच कारखान्यात बांधली गेली, त्याच वर्षी सेवेत येऊन तीस वर्षांहून अधिक काळ चालली, मग सातव्या वर्षी कलंडलेल्या या एका जहाजाला 'सदोष रचनेचे' म्हणावे की 'दुर्दैवी' म्हणावे? प्रतिकृतीत पुढचे दरवाजे उघडे दाखवावेत की बंद, हेही आपण विचारले आहे. मी व्यापारी जहाजांच्या इंजिन खात्यात तेवीस वर्षे काढली आणि त्यांतली शेवटची नऊ वर्षे वाहने वाहून नेणाऱ्या रो-रो जहाजांवर होतो. या जहाजावर मी कधी पाय ठेवलेला नाही, पण आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला त्याच्या चौकशीचा अहवाल प्रशिक्षणात शिकवला गेला. म्हणून दोन्ही प्रश्नांना जरा विस्ताराने उत्तर देतो.

प्रश्न मला थोडा बदलून मांडावासा वाटतो. जहाज चांगले की वाईट, असे सुटे विचारले तर उत्तर मिळत नाही. जहाज कोणत्या मार्गासाठी बांधले होते आणि त्या दिवशी ते कोणत्या धक्क्याला लागले होते, असे विचारले की बऱ्याच गोष्टी जागच्या जागी बसतात. मालगाडीचा डबा कोणत्याही फलाटाला लागू शकतो. रो-रो फेरीचे तसे नसते, कारण ती आणि तिचा धक्का मिळून एकच यंत्र होते, आणि त्यातला अर्धा भाग बदलला तर उरलेला अर्धा पूर्वीसारखा वागेलच याची खात्री देता येत नाही.

टाउनसेंड थोरेसन या ब्रिटिश कंपनीने ही तीन जहाजे जर्मनीत ब्रेमरहाफेनच्या शिशाउ उंटरवेझर गोदीत बांधून घेतली. 'स्पिरिट', 'हेराल्ड' आणि 'प्राइड', आणि प्रत्येकाच्या नावापुढे 'ऑफ फ्री एंटरप्राइज'. तिन्ही १९८० सालच्या पहिल्या सहामाहीत सेवेत आली. लांबी सुमारे १३२ मीटर, रुंदी २३ मीटरच्या आसपास, आकारमान (म्हणजे आतल्या जागेचे माप) ७,९५१ ग्रॉस टन. तीन सुल्झर डिझेल इंजिने, प्रत्येकी ८,००० अश्वशक्तीची, आणि तीन प्रॉपेलर. माझ्या खात्याच्या माणसाला हे आकडे पाहूनच कळते की हे जहाज वेळेशी शर्यत लावण्यासाठी घडवले होते, कारण एवढ्या आकाराच्या बोटीला रमतगमत जायचे असेल तर चोवीस हजार अश्वशक्ती कोणी बसवत नाही.

शर्यत होती ती डोव्हर ते कॅले या मार्गावर. इंग्लिश खाडी तिथे सर्वांत अरुंद आहे आणि प्रवास साधारण सव्वा ते दीड तासाचा. एवढ्या छोट्या प्रवासात कमाई वाढवायची तर समुद्रावरची मिनिटे आणि धक्क्यावरची मिनिटे, दोन्ही वाचवावी लागतात. समुद्रावरची मिनिटे इंजिनांनी वाचवली, आणि 'प्राइड'ने ९ फेब्रुवारी १९८२ रोजी खवळलेल्या हवेत डोव्हर-कॅले अंतर ५२ मिनिटे ४९ सेकंदांत कापले. धक्क्यावरची मिनिटे वाचवण्यासाठी जहाजाला वाहनांचे दोन मजले दिले होते, खालचा जी डेक आणि वरचा ई डेक. डोव्हर आणि कॅले या दोन्ही बंदरांत दुमजली रॅम्प होते, त्यामुळे दोन्ही मजल्यांवर एकाच वेळी गाड्या चढत आणि उतरत. पुढून आत, मागून बाहेर, कुठेही वळवावळवी नाही.

यासाठी जी डेक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा, मध्ये एकही आडवी भिंत नसलेला असावा लागतो. हीच त्या रचनेची सोय आणि हीच तिची उणी बाजू. परातीत दोन बोटे पाणी घेऊन चालून पाहिले तर कोणालाही हे कळते, की परात जराशी कलली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि कलणे आणखी वाढवते. दाभोळच्या खाडीत गाड्या पलीकडे नेणाऱ्या ज्या बोटीला आपण जंगलजेटी म्हणतो तिचा डेक उघडा असतो, त्यामुळे आलेले पाणी बहुतेक बाजूने निघून जाते. इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या मोठ्या फेरीचा वाहनांचा मजला पेटीसारखा बंद असतो आणि आत गेलेले पाणी आतच राहते. हा दोष मात्र 'हेराल्ड'चा एकटीचा नव्हता. १९५३ साली 'प्रिन्सेस व्हिक्टोरिया' ही फेरी वादळात मागच्या दारातून पाणी शिरूनच बुडाली होती, आणि १९८० साली बांधलेली जवळजवळ प्रत्येक रो-रो फेरी याच तत्त्वावर होती. म्हणून 'सदोष रचना' हे शब्द लिहायचेच तर ते साऱ्या जातीला लागू होतात, एका जहाजाला नाही.

आता ६ मार्च १९८७ या दिवसाकडे येतो. त्या दिवशी 'हेराल्ड' कॅलेला नव्हते, ते बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून डोव्हरला निघणार होते. हा प्रवास साडेचार तासांचा. कागदावर हा फक्त लांब पल्ल्याचा मार्ग होता, पण जहाजावरच्या माणसांच्या दृष्टीने तीन गोष्टी बदलल्या होत्या आणि त्या तिन्ही एकमेकींना ढकलत होत्या.

पहिली गोष्ट रॅम्पची. झेब्रुगच्या त्या धक्क्यावर एकमजली रॅम्प होता. तो ई डेकपर्यंत उचलता येई, पण उधाणाच्या मोठ्या भरतीला जहाज इतके वर तरंगे की रॅम्प कमी पडे. त्यावर उपाय म्हणून पुढच्या बाजूच्या बॅलास्ट टाक्यांत, म्हणजे तोल सांभाळण्यासाठीच्या टाक्यांत, समुद्राचे पाणी भरून जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, मुद्दाम खाली दाबली जाई. हे काम इंजिन खात्याचे, म्हणून मला त्याची जाणीव जास्त आहे. टाकी भरायला वेळ लागतो आणि रिकामी करायला तर त्याहून मन लावून बसावे लागते. या जहाजाच्या मुख्य अभियंत्याने काही वर्षांपूर्वीच मोठ्या क्षमतेचा पंप मागितला होता, खर्च सुमारे पंचवीस हजार पौंड सांगितला गेला, आणि तो परवडणारा नाही म्हणून कंपनीने विषय मिटवला. परिणाम असा की निघायची वेळ होई तेव्हा नाळ अजून दबलेलीच असे. त्या संध्याकाळीही जहाज पुढच्या बाजूला पाऊण मीटरच्या आसपास खाली होते.

दुसरी गोष्ट माणसांची. कॅलेच्या मार्गावर कप्तानाच्या हाताखाली दोन चीफ ऑफिसर आणि एक सेकंड ऑफिसर असत. झेब्रुगचा प्रवास लांब, म्हणजे अधिकाऱ्यांना मध्ये विश्रांती मिळते, असा हिशेब करून त्यांतला एक कमी केला होता. विश्रांतीचा हिशेब कदाचित बरोबरही असेल. पण निघण्याच्या वेळी कामे तेवढीच राहतात आणि हात कमी होतात, हा हिशेब कोणी मांडला नाही. गाड्या भरून घेणाऱ्या अधिकाऱ्याने दरवाजे बंद झाल्याची खात्री करायची होती, आणि त्याच अधिकाऱ्याने निघण्यापूर्वी ब्रिजवरही, म्हणजे जिथून कप्तान जहाज हाकतो त्या वरच्या खोलीतही, हजर राहायचे होते. एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. त्यातून पद्धत अशी पडली की दरवाजाजवळ माणूस येताना दिसला की अधिकारी वर निघून जाई.

दरवाजे बंद करणे हे असिस्टंट बोसनचे काम होते. आपल्याकडच्या जुन्या खलाशांच्या भाषेत सांगायचे तर सारंगाच्या हाताखालचा टंडेल. तो साफसफाईचे काम संपवून आपल्या खोलीत झोपी गेला होता आणि सगळ्यांनी जागेवर हजर व्हावे ही घोषणा त्याच्या कानी पडली नाही. डेकवरून शेवटी निघालेल्या बोसनने दरवाजे उघडे पाहिले, तिथे साखळी लावली आणि तो आपल्या नेमलेल्या जागी गेला, कारण दरवाजे बंद करणे हे त्याचे काम कधीच नव्हते. वर कप्तानाला बंद झाल्याची खबर देण्याची पद्धतच नव्हती. काही बिघडले असेल तर सांगा, कोणी काही सांगितले नाही तर सर्व ठीक, असा नियम होता. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची गाठ इथे आहे, कारण झोपलेला माणूस बिघाडाची खबर देऊ शकत नाही, आणि त्याचे गप्प राहणे वर 'सर्व ठीक' म्हणून पोहोचते.

तिसरी गोष्ट नुसती बघण्याची. या जहाजांचे पुढचे दरवाजे वर उचलणारे नव्हते, ते दोन्ही बाजूंना सरकून जहाजाच्या अंगाला टेकणारे होते. ब्रिजवरून ते दिसत नसत. ज्या जहाजांची नाळ आख्खी वर उचलली जाते त्यांवर दार उघडे राहिले तर कप्तानाच्या समोर डोंगरासारखे उभे राहते आणि सांगावे लागत नाही. दार उघडे की बंद हे दाखवणारे दिवेही इथे नव्हते. 'प्राइड'च्या कप्तानाने १९८५ साली ब्रिजवर असे दिवे बसवा अशी लेखी सूचना केली होती आणि कंपनीच्या कचेरीत तिची थट्टा झाली. अपघातानंतर उरलेल्या जहाजांवर ते दिवे काही दिवसांत बसले.

मग पुढचे फार लवकर घडले. ब्रिटिश वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी, म्हणजे पाच मिनिटे उशिराने, जहाज धक्का सोडून मागे सरकले आणि वळले. ६.२४ ला बाहेरचा बांध ओलांडला. वेग वाढत गेला. उथळ पाण्यात वेगाने जाणारे जहाज थोडे खाली बसते आणि नाळेसमोरची लाट वर चढते, हे प्रत्येक दर्यावर्दीला ठाऊक असते. नाळ आधीच दाबलेली, दारे सताड उघडी, आणि वेग अठरा नॉटच्या घरात पोहोचल्यावर लाट थेट जी डेकवर चढली. बांध ओलांडल्यापासून चार मिनिटांत जहाज डाव्या कुशीवर आडवे झाले. ते वाळूच्या उथळ पट्टीवर टेकले म्हणून उजवी बाजू पाण्याबाहेर राहिली, नाहीतर मृतांचा आकडा कितीतरी मोठा असता. जहाजावर सुमारे ४५९ प्रवासी आणि ८० कर्मचारी होते. त्यांपैकी १९३ जण गेले.

आपल्या मूळ प्रश्नाला सर्वांत उपयोगी अशी नोंद 'प्राइड'च्या इतिहासात आहे. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्याच 'प्राइड'चा असिस्टंट बोसन असाच झोपून राहिला होता आणि जहाज डोव्हरहून पुढचे व मागचे, दोन्ही दरवाजे उघडे ठेवून निघाले होते. काहीही झाले नाही. पुढे तीस वर्षे सुखरूप चालणाऱ्या भावंडाने तीच चूक आधीच करून पाहिली होती, तेही दुप्पट. मग फरक कोठे होता? डोव्हरला दुमजली रॅम्प असल्यामुळे नाळ दाबण्याचे कारण नव्हते, आणि नाळ समपातळीत असेल तर लाटेला डेकपर्यंत पोहोचायला बरेच जास्त चढावे लागते. त्या दिवशीचा वेग आणि पाण्याची खोली यांवरही बरेच अवलंबून असणार. पण चूक जहाजाच्या स्वभावात नव्हती, कामाच्या पद्धतीत होती, आणि झेब्रुगच्या धक्क्यावर तिला लागणारी उरलेली सामग्री मिळाली, एवढे म्हणायला मला संकोच वाटत नाही. चौकशीच्या वेळी नाळेसमोरची लाट किती चढते हे पाहण्यासाठी चाचण्या घेतल्या गेल्या, त्याही 'प्राइड'वरच.

न्यायमूर्ती शीन यांचा चौकशी अहवाल त्याच वर्षी जुलैमध्ये आला. झोपलेला माणूस, न थांबलेला अधिकारी आणि न विचारणारा कप्तान यांना त्यांनी सोडले नाही, पण ढिसाळपणाचा रोग कंपनीत वरपासून खालपर्यंत पसरला होता असे त्यांनी स्पष्ट लिहिले. आधीच्या काही महिन्यांत 'हेराल्ड'वर तीसहून अधिक डेक ऑफिसर येऊन गेले होते. निघताना जहाज किती बुडाले आहे हे न मोजताच नोंदवहीत आकडे भरले जात. सेवा-इतिहास म्हणून मी या नोंदी मार्ग आणि तारखांपेक्षा जास्त महत्त्वाच्या मानतो. एखादे जहाज कोणत्या साली कोणत्या बंदरात होते हे छंदी मंडळींच्या वह्यांत सापडते, पण त्यावरची माणसे किती दिवस टिकत होती हे सहसा कोणी लिहीत नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. एप्रिल १९८७ मध्ये जहाज सरळ करून उचलले गेले. त्याची दुरुस्ती झाली नाही. 'फ्लशिंग रेंज' असे नवे नाव देऊन ते ओढत तैवानला नेले आणि १९८८ साली काउशुंग येथे तोडले. कंपनी अपघाताच्या थोडे आधीच पी अँड ओ समूहाकडे गेली होती, टाउनसेंड थोरेसन हे नाव त्याच वर्षी पुसले गेले आणि नारिंगी जहाजांना निळा रंग आला. 'स्पिरिट'चे 'प्राइड ऑफ केंट' झाले, नव्वदीच्या सुरुवातीला पालेर्मोत मध्ये कापून त्याला जादा तुकडा जोडला, पुढे ते ग्रीसमध्ये 'आंथी मरीना' म्हणून चालले. 'प्राइड'चे 'प्राइड ऑफ ब्रुजेस' झाले आणि नंतर 'ओलिअँडर' या नावाने ते रॅम्सगेट-ऑस्टेंड मार्गावर दिसे. कंपनीवर सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहिला, तो १९९० मध्ये कोसळला, आणि अशा प्रकरणांत संस्थेला जबाबदार धरणारा ब्रिटिश कायदा व्हायला २००७ साल उजाडले. जहाजांवरचे नियम त्यामानाने लवकर बदलले. दरवाज्यांचे दर्शक दिवे ब्रिजवर सक्तीचे झाले, तोल सांभाळण्याचे निकष कडक झाले, आणि जहाजाच्या सुरक्षेची साखळी किनाऱ्यावरच्या कचेरीपर्यंत नेणारी आयएसएम (आंतरराष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थापन) संहिता प्रवासी जहाजांना १९९८ पासून लागू झाली. आमच्या पिढीने ज्या तपासयाद्या भरल्या त्यांचे मूळ बऱ्याच अंशी या एका संध्याकाळीत आहे.

दिव्यांबद्दल एक अनुभव सांगून ठेवतो, कारण 'दिवे असते तर हे झालेच नसते' असे वाक्य पाटीवर लिहिण्याचा मोह होतो. मी ज्या एका जहाजावर होतो तिथे मागच्या रॅम्पचा हिरवा दिवा ब्रिजवर व्यवस्थित लागत असे. एका सकाळी माझ्या हाताखालच्या मुलाने खाली जाऊन पाहिले, तर कुलुपाची एक खिट्टी बोटभर बाहेर होती. मिठाने जाम झालेला स्विच दाबलेल्या स्थितीतच अडकला होता आणि वरचा दिवा बिनदिक्कत हिरवा होता. किती दिवस असे चालले होते हे कोणालाच सांगता येईना. त्यानंतर आम्ही दिवा पाहूनही माणूस खाली पाठवू लागलो, आणि त्याने वॉकीटॉकीवर 'बंद आहे, कुलूप लागले आहे' असे तोंडाने म्हटल्याशिवाय इंजिनाला पुढचा हुकूम मिळत नसे.

आता प्रतिकृतीचे. अंग नारिंगी आणि वरचा भाग पांढरा, हे आपल्याला छायाचित्रांत मिळेलच. दरवाजे बंद दाखवावेत असे मी सुचवेन, कारण सात वर्षे ते रोज कित्येकदा बंद होऊनच हे जहाज सुखरूप गेले-आले. उघडे दाखवायचेच असतील तर ते धक्क्याला लागलेल्या स्थितीत, समोर रॅम्पसह दाखवा. आणि मग आतला व बाहेरचा असे दोन्ही दरवाजे उघडे हवेत, बाजूला सरकून अंगाला टेकलेले, वर उचललेले नव्हेत. ही चूक मी दोन-तीन प्रतिकृतींत पाहिली आहे.

पाटीवरच्या चार ओळी मी अशा लिहीन, आपण हवे तसे बदला: 'डोव्हर-कॅले या छोट्या मार्गासाठी, दुमजली रॅम्पच्या हिशेबाने १९८० साली बांधलेले जहाज. ६ मार्च १९८७ रोजी झेब्रुगच्या एकमजली रॅम्पवरून, नाळ दाबलेल्या स्थितीत, पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाले आणि बंदराबाहेर कलंडले, १९३ मृत्यू. दरवाजे बंद झाल्याचे कप्तानाला सांगण्याची पद्धत कंपनीत नव्हती.' पाटीची जागा पुरली तर 'प्राइड'ची १९८३ सालची नोंदही खाली बारीक अक्षरांत टाका.